विसरण्यामागचं कारण शोधू या

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्राच्या बुधवारच्या आरोग्य कार्यक्रमात झालेलं भाषण)

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर हात थांबवू नका, फक्त रेडिओ थोडा जवळ घ्या. आजचा विषय विसरण्याचा आहे, आणि तो प्रत्येक घरातला आहे.

मी २२ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. आता निवृत्त झाल्यावर आशाताईंबरोबर वाडीवस्तीवर ज्येष्ठांच्या तपासणीला जाते. या फिरण्यात विसरण्याबद्दल तीन वाक्यं सारखी कानावर पडतात. मुलगा विसरला तर 'ह्याचं लक्षच नसतं अभ्यासात.' सून विसरली तर 'हिचं डोकं ठिकाणावर नाही.' आणि सासूबाई विसरल्या तर 'आता वयच झालं, साठी बुद्धी नाठी.' तीन वयं, तीन वाक्यं. पण तिन्हींमध्ये बोलणाऱ्यानं कारण शोधायचं सोडून दिलेलं असतं.

अंगात ताप आला तर आपण 'म्हातारीला ताप आला, वय झालं' म्हणून गप्प बसतो का? नाही. रक्त तपासतो. मलेरिया आहे का, टायफॉइड आहे का, लघवीला जळजळ आहे का, हे बघतो. विसरण्याचंही तसंच आहे. ते एक लक्षण आहे. त्याच्या मागे दहा वेगळी कारणं असू शकतात. त्यातली काही औषधानं पूर्ण जातात, काही जात नाहीत, आणि कुठलं कारण आहे हे नुसतं बघून मला तर नाहीच, मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तपासावं लागतं.

आता आपली आठवण साठते कशी, ते आधी बघू. सुगीच्या दिवसांत धान्य घरी येतं. ते आधी ओसरीवर पडतं, मग निवडून, वाळवून कणगीत जातं, आणि लागेल तसं आपण काढतो. आठवणीचंही तसंच. दिवसभर जे बघतो, ऐकतो, ते आधी ओसरीवर असतं. लक्षच नसेल, तर ते ओसरीपर्यंतही येत नाही. आलं, तर ते कणगीत भरणारा एक भाग मेंदूत असतो. दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला, खोलवर. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. समुद्रात घोड्याच्या तोंडाचा एक छोटा मासा असतो, त्याच्यासारखा तो दिसतो म्हणून हे नाव पडलं.

हा भाग काय काम करतो, ते एका माणसामुळे फार स्पष्ट कळलं. अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या तरुणाला फिट्स यायच्या, काही केल्या थांबत नव्हत्या. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला गेला. फिट्स कमी झाल्या. पण त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. लहानपणचं आठवायचं, आईबाप आठवायचे, पण दुपारी जेवलो की नाही, ते आठवायचं नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याला भेटत होत्या, आणि प्रत्येक भेटीत त्या त्याच्यासाठी नव्याच असायच्या. मात्र त्यांनी एक गंमत पाहिली. आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला त्याला शिकवलं. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी आधी कधी केलेलं नाही. म्हणजे हाताची आठवण वेगळ्या जागी साठते. हेन्री २००८ साली वारला, तोपर्यंत तो असाच होता.

मी हे एवढं का सांगितलं? कारण आपल्या घरातल्या आजीचं कोडं यानं सुटतं. 'यांना चाळीस वर्षांपूर्वीचं लग्नातलं मानपान आठवतं, सकाळचा चहा कसा आठवत नाही? सोंग आहे सगळं!' असं सुना म्हणतात, लेकीसुद्धा म्हणतात. सोंग नाही हो ते. जुनं धान्य कणगीत कधीच भरून ठेवलंय, ते अजून शाबूत आहे. सकाळचं धान्य मात्र ओसरीवरूनच वाहून जातंय, कारण भरणारा हात थकलाय. आणि तीच आजी परातीपुढे बसवली तर गोल भाकरी थापते, कारण ते हातांना येतं.

आता या आजाराचं नाव. डिमेन्शिया हा शब्द तुम्ही ऐकला असेल, अल्झायमरही ऐकला असेल. डिमेन्शिया हे कुळाचं नाव समजा, अल्झायमर हे त्या कुळातलं सगळ्यात मोठं घर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की डिमेन्शियाच्या दर १०० माणसांत ६० ते ७० जणांना अल्झायमर असतो. त्यानंतरचं घर रक्तवाहिन्यांचं. बीपी आणि साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मेंदूतल्या बारीक नळ्या एकेक करून बंद पडतात, आणि माणूस पायरी पायरीनं खाली येतो. मराठीत आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. मला तो शब्द थोडा अपुरा वाटतो, कारण जातं ते नुसती आठवण नसते. हिशेब जातो, रस्ता सापडेनासा होतो, बोलताना शब्द सापडत नाही, साडी कशी नेसायची ते जातं, स्वभाव बदलतो.

अल्झायमर हे एका जर्मन डॉक्टरांचं आडनाव. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची बाई त्यांच्याकडे आली. तिला नवऱ्याचा संशय यायला लागला होता, ती घरातल्या वस्तू लपवून ठेवायची, आणि आठवण झपाट्यानं चालली होती. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींमध्ये धाग्यांचा गुंता आणि पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी साठे दिसले. पण तिची गोष्ट मी सांगतेय ती तिच्या वयासाठी. दाखल झाली तेव्हा ती ५१ वर्षांची होती. ज्या बाईवरून हा आजार जगाला कळला, ती म्हातारी नव्हती. हा आजार मुख्यतः म्हातारपणी होतो हे खरं, पण ६५ च्या आधीही होतो. पन्नाशीतल्या बाईला कुणी 'पाळी जाण्याचं वय आहे, होतं असं' म्हणून परत पाठवलं आणि विसरणं वाढतच चाललं असेल, तर पुन्हा दाखवा.

आपल्या देशाचं सांगायचं तर २०२३ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानं भारतात साठीच्या पुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे १०० मागे सातांपेक्षा जास्त. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आपल्या वस्तीवर साठीच्या पुढची १०० माणसं असतील तर त्यात सात-आठ घरं ही आहेत. ती घरं कुठली, हे मात्र बऱ्याचदा त्या घरांनाही माहीत नसतं.

पण मघाशी म्हटलं तसं, प्रत्येक विसरणं डिमेन्शिया नव्हे. धाकट्यांपासून बघू.

शाळेतलं मूल विसरतं तेव्हा बहुतेक वेळा कारण साधं असतं. झोप कमी, पोट रिकामं, रक्त कमी, नाहीतर कानात मळ भरून नीट ऐकूच येत नाही. कधी वाचनाची अडचण असते, कधी एका जागी लक्ष न टिकण्याची. एक गोष्ट मात्र शिक्षकांनी आणि आयांनी मुद्दाम बघावी. बोलता बोलता, जेवता जेवता मूल दहा-पंधरा सेकंद थांबतं, डोळे एका जागी खिळतात, पापण्या फडफडतात, आणि मग काही झालंच नाही असं पुढं चालू लागतं. दिवसात असं अनेकदा होतं. ही एक प्रकारची फिट असते. मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कुणी फिट समजत नाही. तेवढ्या सेकंदांचं शिकवलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि मार मात्र विसरण्याबद्दल मिळतो. याला औषध आहे आणि त्याचा गुण चांगला येतो. फार विरळा असे काही जन्मजात आजारही आहेत, ज्यांत चालायला बोलायला शिकलेलं मूल शिकलेलं हळूहळू विसरू लागतं. तसं दिसलं तर वाट बघू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

मग येतात आपल्यासारख्या बाया. पहाटे पाचला उठायचं, पाणी भरायचं, डबे, गोठा, रोजगार, बचत गटाचे हप्ते, रात्री अकराला आडवं व्हायचं, आणि मधे बाळ उठलं की पुन्हा उठायचं. अशा बाईनं दुधाचं पातेलं गॅसवर विसरलं तर तिला आजार झालेला नाही. तिला झोप मिळालेली नाही. झोपेतच मेंदू दिवसभराचं धान्य कणगीत लावतो. पण झोप होऊनही विसरणं चालू असेल तर दोन तपासण्या जरूर करा, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. थायरॉइड कमी पडलं तर विसरायला होतं, अंग सुजतं, थंडी वाजते, केस गळतात, सुस्ती येते, आणि घरचे म्हणतात आळशी झाली. पाळी जातानाच्या वर्षांतही शब्द पटकन आठवत नाहीत, बहुतेकींचं ते पुढं सावरतं. आणि मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, रडू येत असेल, तरी आठवण कमी होते. ज्याचं मन जागेवर नाही त्याच्या ओसरीवर धान्य येणार कुठून? उदासीचा उपचार झाला की विसरणंही कमी होतं.

पुरुषांचं एक बोलायला हवं. दारू. वर्षानुवर्षं दारू आणि जेवण नाही, अशानं शरीरात बी-वन जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूचा आठवणीचा भाग कायमचा बिघडू शकतो. असा माणूस काल कुठं होता विचारलं तर बेधडक काहीतरी सांगतो, 'जत्रेला गेलो होतो' म्हणून. आपण म्हणतो थापा मारतो. पुष्कळदा त्याला खरंच तसं वाटत असतं, रिकामी जागा मेंदू आपोआप भरतो. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बरंच वाचवता येतं. आणि एक प्रकार असा आहे की आठवण बरीच दिवस ठीक राहते, पण पन्नाशी-पंचावन्नीतला चांगला सज्जन माणूस अचानक लोकांत नको ते बोलू लागतो, पैसे उधळतो, घरातल्या कुणाच्या सुखदुःखाचं त्याला काही वाटेनासं होतं. मेंदूच्या पुढच्या भागाचा हा आजार असतो. गावात याला वाईट संगत म्हणतात, बाहेरचं म्हणतात, आणि सहा महिने देवऋष्याकडे जातात. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, पण त्या सहा महिन्यांत एकदा डॉक्टरांकडेही जा.

आता म्हाताऱ्या माणसांकडे येते, आणि इथं मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथं होतो.

एका वस्तीवर एक आजोबा गोठ्यात घसरून पडले. डोक्याला टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला. तीन-साडेतीन आठवड्यांनी ते दिवसा झोपू लागले, नातवाला दुसऱ्याच नावानं हाक मारू लागले, चालताना एक पाय ओढायला लागला. घरात ठरलं की म्हातारचळ लागला. माहेरी आलेल्या लेकीनं हट्ट धरला आणि जिल्ह्याला नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. कवटीच्या आत, मेंदूवर रक्त साठलं होतं. ते काढलं. पुढच्या पाडव्याला तेच आजोबा डेअरीच्या वहीतल्या दुधाच्या हिशेबात चूक काढत बसले होते. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, बारीक नळ्या ताणलेल्या असतात, त्यामुळे लहानशा पडण्यानंही आत हळूहळू रक्त झिरपू शकतं. म्हणून पडल्यानंतर आठवड्यांनी जरी बदल दिसला, तरी ते पडणं डॉक्टरांना सांगा.

दुसरं, बी-ट्वेल्व्ह. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतून येतं. भाजीपाल्यात, डाळीत नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत तपासणी केली, तेव्हा ही कमतरता किती पसरलेली आहे ते दिसलं. घरात गाई-म्हशी असून सगळं दूध डेअरीला जातं आणि म्हातारीच्या वाट्याला कोरा चहा येतो, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यात ती माळकरी असेल, तर बी-ट्वेल्व्ह मिळणार कुठून? हात-पाय बधिर होणं, मुंग्या येणं, तोल जाणं, जीभ लाल होणं, आणि विसरणं. रक्ताची एक तपासणी आणि इंजेक्शनं, एवढाच त्याचा उपाय. पण वेळेत. फार उशीर झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

गोळ्यांचं विसरू नका. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, यांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं, आठवण कमी होते. औषधाच्या दुकानातून कुणी परस्पर आणून दिलेली झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असते आणि डॉक्टरांना पत्ता नसतो. मात्र अशी गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानंही त्रास होतो. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या.

आणि हे नीट ऐका. कालपर्यंत ठीक असलेली म्हातारी आज एकदम बरळायला लागली, माणसं ओळखेना, रात्रभर जागी, नसलेल्या गोष्टी दिसतात, तर तो डिमेन्शिया नव्हे. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी येतो, असा एका रात्रीत येत नाही. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं मीठ कमी होणं, साखर खाली जाणं, पक्षाघात, असं काहीतरी आत चालू असतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 'उद्या बघू' नाही.

समजा या सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की डिमेन्शियाच आहे. तिथपर्यंत पोचायला काही जणी कचरतात. 'आमच्या आत्या शाळेत गेल्या नाहीत, त्यांची कसली परीक्षा घेणार?' असं विचारतात. हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. विलायती प्रश्नावलीत लिहायला, वाचायला लागायचं. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदीत वेगळी प्रश्नावली तयार झाली. शिक्षण नसलं तरी तपासणी होते. तुम्ही मात्र जाण्याआधी पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा, काय विसरल्या, केव्हा, त्याआधी काय झालं. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं आपल्या सगळ्यांचं होतं. चष्म्याचं काय करतात हेच न कळणं, तीस वर्षं ज्या वाटेनं शेतात गेलो ती वाट चुकणं, आमटीत दोनदा नाही तर चारदा मीठ पडणं, एकच प्रश्न दहा मिनिटांत सहा वेळा विचारणं, हे लिहा. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. तिथं मनोविकार विभागात पाठवलं तर 'आम्हाला वेडं ठरवलं' म्हणून परत फिरू नका.

बरं करणारं औषध अल्झायमरला अजून नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना काही काळ आधार देतात, त्या डॉक्टर ठरवतील. बाकीचं सगळं घरात होतं. आणि घरात म्हणजे कुणी करायचं, ते तुम्हाला माहीत आहे.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट चोरीची. 'माझ्या पाटल्या सुनेनं घेतल्या.' सासूबाई हे शेजारी सांगतात, लेकीला फोनवर सांगतात, लेक भावाला विचारते, आणि घर पेटतं. काय झालेलं असतं बघा. पाटल्या असल्याची आठवण जुनी, ती शाबूत आहे. परवा त्या तांदळाच्या डब्यात खुपसल्या, ती आठवण भरलीच गेली नाही. पाटल्या होत्या, आता नाहीत, मग कुणीतरी घेतल्या, एवढाच अर्थ त्यांच्या मनाला लागतो. आणि घेणार कोण? जी दिवसभर आसपास आहे, आंघोळ घालते, भरवते, तीच डोळ्यांसमोर असते. शंभर मैलांवरच्या लेकीवर आळ येत नाही. मुलगे ऐकत असतील तर त्यांना मी सांगते, बायकोकडं चौकशी करू नका. हा आजाराचा भाग आहे हे बहिणीला, भावाला, शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः सांगा. ते तिच्या तोंडून आलं तर कुणी मानत नाही. आणि सुनांनो, वाद घालू नका, 'चला, दोघी मिळून शोधू' म्हणा. प्रत्येकीच्या लपवायच्या दोन-तीन जागा ठरलेल्या असतात, उशीचा अभ्रा, पिठाचा डबा, देवघराच्या मागे. खरा दागिना वेळीच सगळ्यांच्या देखत बाजूला काढून ठेवा आणि त्यांच्याजवळ खोट्या पाटल्या राहू द्या.

दिवे लागणीच्या वेळी चलबिचल वाढते. स्वतःच्या घरात बसून 'मला घरी जायचंय' म्हणतात. त्यांना बहुधा आईचं घर हवं असतं. 'हेच तुमचं घर' असं पटवत बसलात तर भांडण होईल. दिवा लवकर लावा, हाताशी काम द्या, लसूण सोलायला, शेंगा फोडायला, वाती वळायला. हरिपाठ, ओव्या पुष्कळ जणींना शेवटपर्यंत येतात, एक ओळ तुम्ही सुरू करा. गॅसचा रेग्युलेटर काम झाल्यावर बंद करायची सवय लावा, विहिरीकडच्या दाराला उंचावर कडी करा. पोलक्याला आतून नाव आणि फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवा. घराबाहेर पडून हरवणं किती सहज होतं ते बघायचं असेल तर २०१३ सालचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट मिळवून बघा. संस्कृतचे विद्वान प्राध्यापक हत्तीच्या मागे निघून जातात आणि त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. डॉ. मोहन आगाशे यांनी ते काम केलंय. तिला त्यांच्या विद्वत्तेशी काही देणंघेणं नसतं, म्हणून तिला ते सोपं जातं, असं मला तो चित्रपट बघताना वाटलं.

सांभाळणाऱ्या बाईबद्दल एक ठाम मत मांडते, कुणाला राग आला तरी चालेल. पुण्या-मुंबईच्या मुलानं रोज फोन करून 'आईकडं लक्ष द्या' सांगणं ही मदत नव्हे. डायपरचे पैसे पाठवणं ही मदत आहे. महिन्यातून चार दिवस येऊन आईची आंघोळ, जेवण, रात्रीचं उठणं स्वतः करणं, आणि तेवढे दिवस वहिनीला माहेरी जाऊ देणं, ही मदत आहे. हे आधी बसून ठरवा, वहीत लिहा. ज्या घरात ठरत नाही तिथं दोन वर्षांनी सांभाळणारीच अंथरुणाला खिळलेली मी पाहिली आहे.

कागदांचंही वेळीच बघा. आजार सुरुवातीचा असताना, माणसाला आपण कशावर सही करतोय हे कळत असताना मृत्युपत्र, बँकेचं संयुक्त खातं, वारस नोंद करून घ्या. मुखत्यारपत्र केलं की झालं असं लोक समजतात, पण करून देणाऱ्याची समज गेली की सर्वसाधारणपणे ते मुखत्यारपत्र संपतं, आणि मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. शेवटच्या दिवसांत अंगठा उठवून घेतलेली जमीन पुढं भावाभावांना कोर्टात नेते. त्यात भोगतं कोण, ते सांगायला नको.

'मला होऊ नये म्हणून काय करू?' हे तर सगळ्याच विचारतात. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं १४ गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या आवरल्या तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा पुढं ढकलले जातील असा त्यांचा अंदाज आहे. बीपी आणि साखर त्यात आहेतच. पण ऐकू न येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे, हे ऐकून आमच्या आशाताई चकित झाल्या. ऐकू आलं नाही की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो, मेंदूला काम राहत नाही. आपल्याकडं बहिऱ्या म्हातारीची चेष्टा होते, कानाची तपासणी होत नाही. मोतीबिंदू काढून घेणंही त्यातच आलं, डोक्याला मार लागू नये म्हणून गाडीवर हेल्मेट घालणंही आलं. धूर, तंबाखूचा असो की हवेतला, तोही आहे. आणि लहानपणी शाळा न मिळणं हेही त्या यादीत आहे. खेड्यातल्या बायकांत प्रमाण जास्त का, याचं एक उत्तर तिथं आहे.

शेवटी एका मैत्रिणीचं पत्र. ती लिहिते, 'माझी आई रोज संध्याकाळी विचारते, हे शेतातून आले का? वडील जाऊन सहा वर्षं झाली. खरं सांगितलं तर ती हंबरडा फोडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. आता मी म्हणते, येतील इतक्यात. खोटं बोलल्याचं मनाला लागतं.'

ताई, तुम्ही खरं सांगता तेव्हा आईसाठी ते त्याच संध्याकाळी गेलेले असतात. रोज नव्यानं हे दुःख तिला द्यायची गरज नाही. 'येतील' म्हणायचं मनाला लागत असेल तर तेही म्हणू नका. ती वडिलांची आठवण काढतेय, तर त्यांच्याबद्दलच विचारा. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा कुठला सदरा होता, शेतातून आल्यावर आधी पाणी मागायचे की चहा. हे ती सांगेल, ते कणगीतलं आहे. आणि एखाद्या दिवशी तिनंच सरळ तोंडाकडं बघून विचारलं, 'ते गेले का गं?' तर हो म्हणा, आणि तिचा हात धरून तिथंच बसा. भाकरी थोड्या वेळानं टाकली तरी चालेल.

ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि मन थकलं असेल तर सांभाळणाऱ्यांनी स्वतःसाठी टेलि-मानसला १४४१६ वर फोन करावा. तुमची पत्रं केंद्राच्या पत्त्यावर येऊ द्या.